निळे पर, केशरी पर : प्रस्तावना

लेफ्टनंट कर्नल विल्यम हेन्री सायक्स हा मुंबई सरकारच्या नोकरीतला लष्करी माणूस. सरकारने त्याला दख्खनची आकडेवारी गोळा करायला नेमलं होतं. काय पिकतं, किती पिकतं, लोक किती, बाजारभाव काय. पण साहेबाला पक्षी, प्राणी आणि मासे यांचा नाद होता, आणि भीमेच्या खोऱ्यात हिंडताना जे मासे दिसले त्यांची वर्णनं तो टिपून ठेवत गेला. १८३९ साली ती लंडनमध्ये छापून आली. त्यात पुण्याच्या पूर्वेला, मुळा-मुठेत मिळालेला एक मासा होता. मोठ्ठी खवलं, ओठांच्या कडेला मिशांच्या दोन जोड्या. सायक्सने त्याला 'बार्बस खुद्री' म्हटलं. आज शास्त्रज्ञ त्याला 'टॉर खुद्री' म्हणतात. दख्खनचा महाशीर तो हाच; आपल्याकडे नदीकाठची माणसं त्याला खडशी किंवा खडची म्हणतात. त्याच निबंधात शिरूरला घोड नदीत मिळालेला आणखी एक दांडगा मासा होता, 'बार्बस मुसुल्ला'.

पुढच्या दीडशे वर्षांत पुणे जिल्ह्यातल्या या दोन माशांपैकी एकाचं नाव आणि दुसऱ्याची पिल्लं शेकडो मैल दक्षिणेला, कावेरीत जाऊन पोचली. नाव चुकून गेलं. पिल्लं चांगल्या हेतूने, पिशव्यांत भरून पाठवली गेली. आणि कावेरीत हजारो वर्षं राहत आलेला तिसराच एक मासा, पाठीवर उंचवटा आणि केशरी पर असलेला, जगातल्या सगळ्यांत मोठ्या महाशीरांपैकी एक, या दोन्ही पाहुण्यांच्या मधे चेंगरला. हे पुस्तक त्या तिसऱ्या माशाबद्दल आहे. पण पहिल्या दोघांना बाजूला ठेवून त्याची गोष्ट सांगता येत नाही, म्हणून ही प्रस्तावना जरा लांबली आहे.

महाशीर हा रोहू-कटल्याच्या जातकुळीतला मासा. म्हणजे जबड्यात दात नाहीत. दात आहेत ते घशात, आणि ते असे की शिंपला, गोगलगाय, खेकडा यांचा चुरा व्हावा. तोंड खालच्या बाजूला, नळीसारखं पुढे येणारं. तळाच्या दगडगोट्यांत तो तोंड खुपसून उकरतो. वरून उंबर, जांभूळ पडलं तर तेही गिळतो. लहान मासा सापडला तर त्यालाही सोडत नाही. काठावरची झाडं तोडली की त्याच्या ताटातला एक पदार्थ कमी होतो, हे मासेमारी खात्याच्या कागदांत सहसा येत नाही.

पावसाळ्यात नदी फुगली की तो वरच्या अंगाला निघतो. कोकणात आणि मावळात 'चढणीचे मासे' म्हटलं की पहिल्या पावसात शेतात, ओढ्यात उलट चढणारे मळ्ये, खवली, शिंगटी डोळ्यांपुढे येतात आणि त्यांच्या मागोमाग टोपल्या घेऊन धावणारी माणसं. महाशीरही चढणीचाच, फक्त त्याची चढण मोठी. त्याला वाहतं, गार, प्राणवायूने भरलेलं पाणी लागतं, आणि अंडी घालायला वाळू-गाळ नसलेले गोटे. अंडी पिवळसर, जड, पाण्यात टाकली की तळाला जाणारी. गोट्यांच्या फटींत ती बसतात आणि फटींतून पाणी खेळत राहिलं तरच जगतात. वर गाळाचा थर बसला की ती गुदमरून मरतात. शिवाय महाशीर रोहूसारखा एका दमात लाखो अंडी टाकणारा नाही. तो कमी अंडी घालतो, टप्प्याटप्प्याने घालतो, आणि वयात यायलाही वेळ घेतो. मोठा मासा मारला गेला तर त्याची जागा भरायला नदीला बरीच वर्षं लागतात.

एवढं लक्षात ठेवलं की धरण म्हणजे या माशाला काय, हे वेगळं समजावायला नको. भिंत वरची वाट अडवते, मागचं पाणी वाहायचं थांबून साचतं, गोट्यांवर गाळ बसतो. खालच्या बाजूला पाणी कधी सोडायचं ते पावसावर नाही, कालव्याच्या आणि विजेच्या गरजेवर ठरतं. गोट्यांत अंडी असताना एका रात्रीत पाणी उतरलं तर सकाळी ती उघड्यावर पडलेली असतात.

आता कावेरी. कोडगूत तलकावेरीला उगम, मग कृष्णराजसागर, शिवनसमुद्रचा धबधबा, पुढे कर्नाटक-तामिळनाडूच्या सीमेवरच्या डोंगरांतली खोल घळ, मेकेदाटू, होगेनक्कल आणि त्याखाली मेट्टूर. शिवनसमुद्रला १९०२ साली वीज तयार होऊ लागली, तीही आधी कोलारच्या सोन्याच्या खाणींसाठी. मेट्टूरचं धरण १९३४ सालचं. शिवनसमुद्र आणि होगेनक्कल यांच्या मधला पट्टा मात्र बराचसा वाहता राहिला, दोन्ही काठांना जंगल राहिलं, आणि तोच या माशाचा बालेकिल्ला ठरला. कावेरीशी मराठी माणसाचं नातं तसं जुनं आहे. व्यंकोजीराजांपासून तंजावरच्या मराठ्यांनी तिच्या मुखाकडच्या प्रदेशावर राज्य केलं. पण ती कावेरी वेगळी, संथ, कालव्यांची, भाताची. आपला मासा राहतो ती खडकांतून आपटत जाणारी.

हा मासा किती मोठा? हेन्री सुलिव्हन थॉमस या मद्रासच्या सनदी अधिकाऱ्याने १८७३ साली 'द रॉड इन इंडिया' हे गळाच्या मासेमारीवरचं पुस्तक लिहिलं आणि दक्षिणेतल्या महाशीरांचं वेड इंग्लंडपर्यंत नेलं. १९४६ साली कावेरीची उपनदी काबिनी हिच्यात १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोंचा महाशीर गळाला लागला. तो धरणारा गृहस्थ मैसूरच्या व्हॅन इंगन घराण्यातला. संस्थानिकांनी मारलेले वाघ-बिबटे भुसा भरून जतन करण्याचा धंदा ज्यांनी केला ते हेच घराणं. हा विक्रम अजून मोडलेला नाही, आणि मोडला जाण्याची शक्यता दर वर्षी कमी होते आहे.

गळाचा खेळ म्हणजे साहेबांनी आणलेली चैन, अशी आपल्याकडे समजूत आहे. ती खरी नाही. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वराने ११३०च्या सुमारास 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. हत्तीपासून स्वयंपाकापर्यंत राजाच्या आयुष्यातलं सगळं त्यात आहे, आणि त्यातच 'मत्स्यविनोद' नावाचं प्रकरण आहे. कोणता मासा कुठे राहतो, त्याला काय खायला घालून वश करावं, दोर कसला, गळ कसा, मासा ओढू लागला की दोर केव्हा सैल सोडावा. वाचताना वाटतं, राजा स्वतः तासन्‌तास काठावर बसला असणार. कारकुनाला सांगून हे लिहून होत नाही.

तर, दोनशे वर्षं साहेब आणि त्याआधी राजे ज्याच्या मागे लागले त्या माशाला शास्त्रात नाव काय होतं? इथे शिरूरचा मासा येतो. १९४०च्या दशकात भारतीय मत्स्यशास्त्रातले मोठे नाव सुंदरलाल होरा यांनी दक्षिणेतल्या महाशीरांची छाननी केली, आणि पाठीवर उंचवटा असलेल्या महाशीराला सायक्सचा 'मुसुल्ला' म्हटलं. होरांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. पुढची सत्तर वर्षं पुस्तकांत, तक्त्यांत, संग्रहालयांच्या बरण्यांवर तेच नाव चालू राहिलं. २०१३ साली मूळ वर्णन पुन्हा तपासल्यावर लक्षात आलं की घोड नदीतला सायक्सचा मुसुल्ला महाशीर नव्हताच. तो 'हिप्सेलोबार्बस' नावाच्या वेगळ्याच गटातला मासा. म्हणजे कावेरीच्या राजाच्या अंगावर सत्तर वर्षं शिरूरच्या माशाचा अंगरखा होता, आणि तो काढून घेतल्यावर तो उघडा पडला.

हा कीस काढण्याचा पंडिती उद्योग वाटेल. तसा तो नव्हता. कोणती जात किती धोक्यात आहे हे ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय लाल यादीत शिरायचं तर पक्कं शास्त्रीय नाव लागतं. ज्या माशाच्या फोटोंवर जगभरच्या गळवेड्यांनी जीव टाकला त्याला त्या यादीत जागाच नव्हती, कारण कागदोपत्री तो नव्हता. जून २०१८ मध्ये एड्रियन पिंडर, राजीव राघवन, पुण्याचे नीलेश डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंगाची मापं आणि जनुकं दोन्ही ताडून दाखवलं की केरळातल्या पांबार नदीतून काही वर्षांपूर्वी वर्णिलेला 'टॉर रेमादेवी' आणि कावेरीचा उंचवट्याचा महाशीर एकच. पांबारचं पाणी अमरावतीतून कावेरीलाच मिळतं, त्यामुळे खोरंही एकच. हे नाव मत्स्यशास्त्रज्ञ के. रेमा देवी यांच्या सन्मानार्थ दिलेलं. नाव पक्कं झालं, आणि त्याच वर्षी लाल यादीने त्याला 'अतिसंकटग्रस्त' या वर्गात टाकलं. त्यानंतर जातीला एकच पायरी उरते, तीही फक्त पिंजऱ्यात-टाकीत जगण्याची, आणि मग नामशेष.

आता लोणावळ्याची गोष्ट. ही सांगताना मला कोणाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं नाही, कारण त्या काळी हे काम करणारी माणसं इतरांपेक्षा पुढचं पाहणारी होती. टाटांच्या वीज कंपन्यांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीला घाटमाथ्यावर धरणं बांधली. वळवण, लोणावळा, शिरवटा, पुढे मुळशी. मुळशीसाठी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली झालेला सत्याग्रह आपल्याला माहीत आहे, तो जमिनीसाठी होता. पाण्यातल्यांच्या वतीने तेव्हा कोणी बोललं नाही, आणि बोलण्याची पद्धतही नव्हती. तरी नवल असं की १९७०च्या सुमारास याच तलावांच्या काठी महाशीराची पैदास सुरू झाली. मत्स्यतज्ज्ञ सी. व्ही. कुलकर्णी यांनी दख्खनच्या महाशीराची वीण, अंडी आणि पिल्लांची वाढ यांचा बारकाईने अभ्यास करून तो १९७१ साली प्रसिद्ध केला, आणि एस. एन. ओगले यांच्यासोबत ते काम पुढे नेलं.

काम कसं चालतं ते पाहण्यासारखं आहे. पावसाळ्यात तलावात पाणी येणाऱ्या ओढ्यांच्या तोंडाशी जाळं लावून पिकलेल्या माद्या आणि नर धरतात. मादीचं पोट अलगद दाबत खाली हात आणला की पिवळे दाणे कोरड्या ताटात पडतात. त्यावर नराचं वीर्य, पिसाने हळू ढवळायचं, मग पाणी. फळलेली अंडी पसरट ट्रेमध्ये पातळ थरात, वरून सतत वाहतं पाणी. मेलेलं अंडं पांढरं पडतं. ते वेळीच उचललं नाही तर बुरशी शेजारच्या अंड्यांना धरते. म्हणून कोणीतरी चिमटा घेऊन बसलेलं असतं, दिवसभर पांढरे दाणे वेचत. तीन-चार दिवसांत पिल्लं बाहेर येतात, पोटाला बलकाची पिशवी घेऊन. या कामाला चिकाटी लागते आणि ती तिथे होती. हा मासा नद्यांतून जातो आहे हे तेव्हा ज्यांना दिसलं, ते हात बांधून बसले नाहीत, हे त्यांच्या बाजूने नोंदवलं पाहिजे.

पिल्लं भरपूर निघाली. वळवणच्या तलावात सोडून झाली, मग राज्याराज्यांतून मागणी येऊ लागली. नद्या रिकाम्या होत होत्या, मत्स्यखात्यांना बीज हवं होतं, गळवाल्या मंडळींना मासा हवा होता. प्राणवायू भरलेल्या पिशव्यांतून लोणावळ्याची पिल्लं देशभर गेली. त्यातली काही, १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून, कावेरीत गेली.

त्या काळी हा प्रश्न कोणाच्या डोक्यात येण्याजोगा नव्हता: महाशीर तो महाशीर, त्यात कावेरीचा कोणता आणि कृष्णेच्या खोऱ्यातला कोणता? दोघांची खवलं मोठी, दोघांना मिशा. फरक पाठीच्या उंचवट्यात आणि परांच्या रंगात. आपल्याकडच्याचे पर निळसर-करडे, कावेरीतल्याचे केशरी. मासा ओल्या हातात असतानाच हा रंग नीट दिसतो. मेल्यावर तासाभरात फिका पडतो, आणि बरणीतल्या फॉर्मेलिनमध्ये तर दोघेही सारखेच तपकिरी. बरणीतले मासे पाहून शास्त्र लिहिणाऱ्यांना जो फरक दिसला नाही तो नदीवरच्या वाटाड्यांना रोज दिसत होता. त्यांना विचारलं कोणी नाही.

कावेरीच्या त्या मधल्या पट्ट्यात, भीमेश्वरी, गलिबोरे, दोड्डमकळी या ठिकाणी गळाच्या मासेमारीच्या छावण्या उभ्या राहिल्या होत्या. परदेशातून लोक येत, मासा धरत, वजन करत, फोटो काढत आणि सोडून देत. प्रत्येक माशाची नोंद वहीत होई. गलिबोरेच्या १९९८ ते २०१२ या वर्षांच्या वह्या पिंडर आणि सहकाऱ्यांच्या हाती लागल्या. सहा हजारांवर मासे. या नोंदी कोणी शास्त्रासाठी केल्या नव्हत्या, हौसेसाठी केल्या होत्या, आणि म्हणूनच त्यांना किंमत आहे; काही सिद्ध करायचं म्हणून त्यांत कोणी आकडा इकडचा तिकडे केलेला नाही.

वह्यांतून जे निघालं ते दोन ओळींत सांगता येतं. निळ्या परांचे मासे वाढत गेले, केशरी परांचे कमी होत गेले. पण मला थांबवलं ते आणखी एका तपशिलाने. केशरी परांचे जे थोडे मिळत होते त्यांचं सरासरी वजन वर्षागणिक वाढत होतं. छावणीतल्या पाहुण्याला यात आनंदच. गेल्या वर्षीपेक्षा मोठा मासा! मत्स्यशास्त्रज्ञाला मात्र यात वाईट बातमी दिसते. लहान मासे नाहीतच. नवी पिढी येत नाही, आणि जुनी माणसं तेवढी वय वाढवत बसली आहेत, कोकणातल्या मुंबईकरांच्या गावासारखी. असं गाव बाहेरून काही काळ व्यवस्थित दिसतं, घरं शाबूत असतात, अंगणं सारवलेली असतात.

निळ्याने केशरी हटवला तो नेमका कसा, याची उत्तरं एकाहून जास्त आहेत आणि पुस्तकातल्या तिसऱ्या प्रकरणात ती सविस्तर येतील. अन्नावरून आणि विणीच्या जागेवरून चढाओढ, संकराची शक्यता. मोडक्या नदीत जास्त सोशीक मासा तरतो हे तर उघडच आहे. वाळूउपसा, धरणांतून मनमानी सुटणारं पाणी, सुरुंग लावून होणारी मासेमारी, वरच्या शहरांचं सांडपाणी हे सगळं आधीपासून चालू होतं. पिल्लं सोडली नसती तर केशरी पर सुरक्षित राहिले असते असं मी म्हणणार नाही. पण आधीच दम लागलेल्याच्या खांद्यावर आपण आणखी ओझं दिलं, आणि ते मदत म्हणून दिलं, हे नाकारता येत नाही.

आणि ज्याची पिल्लं गेली त्याचं इकडे काय झालं? जात म्हणून तो बचावला. लाल यादीत पूर्वी 'संकटग्रस्त' असलेला टॉर खुद्री नव्या मूल्यमापनात 'सर्वांत कमी चिंतेचा' ठरला, वर्तमानपत्रांत त्याच्या आनंदाच्या बातम्या आल्या, आणि लोणावळ्याच्या कामाला त्याचं श्रेय दिलं गेलं. ते चुकीचं नाही. पण सायक्सने जिथे तो पाहिला त्या पुण्याखालच्या मुळा-मुठेच्या काठी उभं राहून 'सर्वांत कमी चिंता' हे शब्द उच्चारून पाहावेत. तिथे आज जाळ्यात चिलापी येते, कोणाच्या तरी मत्स्यालयातून निसटून उजनीपर्यंत पसरलेला सकर येतो, आणि जलपर्णी येते. खडशीची तिथे कोणी अपेक्षाही करत नाही. यादी जातीचा हिशेब ठेवते, नदीचा नाही. एका नदीतून मासा गेला आणि दुसऱ्या चार तलावांत आला तर यादीच्या दृष्टीने खातं जमेचंच राहतं.

माझा या पुस्तकात एवढाच आग्रह आहे: मासा त्याच्या नदीसकट मोजा. पिल्लांचा आकडा हा संवर्धनाचा आकडा नव्हे. पावसाळ्यात कोणत्याही जलाशयावर जा, पाहुण्यांच्या हस्ते मत्स्यबीज सोडण्याचा कार्यक्रम असतो, हार, नारळ, फोटो. बीज कोणत्या खोऱ्यातल्या मादीचं, हे कार्यक्रमपत्रिकेवर कुठे छापलेलं मी पाहिलेलं नाही.

नदीसकट मासा राखण्याची आपल्याकडची जुनी रीत म्हणजे देवाचे डोह. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड आहे. ही नदी रायगडाच्या पायथ्याने येते आणि सावित्रीला मिळते. काळ्या कातळात कोरलेला खोल कोंड, काठाला वरदायिनीचं ठाणं. उन्हाळ्यात वरचा-खालचा प्रवाह दगडांत हरवतो तेव्हाही कोंडात पाणी असतं. मूठभर चुरमुरे टाकले की आधी काही होत नाही. मग तळातून सावल्या वर येतात, पाठी काळसर, बाजूला पितळेची झाक, आणि पाणी एकदम उकळल्यासारखं होतं. लांब ओठ पुढे काढून चुरमुरे ओढणारी तोंडं, एकमेकांवर घासणारी खवलं. त्यांचा आवाज होतो, कोरडा, सुपात धान्य घोळवल्यासारखा. इथे गळ टाकायची कोणाची छाती नाही. तसेच देवमासे वाडा तालुक्यात तिळसे इथे वैतरणेत आहेत, तुंगेच्या काठी शृंगेरीला आहेत, आणि खुद्द कावेरीत रामनाथपुरला आहेत. वनखात्याचा एकही पहारेकरी नसताना या जागा टिकल्या, आणि कित्येक अभयारण्यांपेक्षा चांगल्या टिकल्या.

पण या रीतीला मर्यादा आहे, आणि भाविकतेच्या भरात ती झाकू नये. देवी कोंडाचं रक्षण करते, कोंडात येणाऱ्या पाण्याचं नाही. महाशीर पावसात वर चढतो, म्हणजे वर्षातले ऐन विणीचे दिवस तो देवीच्या हद्दीबाहेर असतो. तिथे सुरुंग आहे, ब्लीचिंग पावडर आहे, गेळफळाचा ठेचा आहे. इंद्रायणी तर लोणावळ्याच्याच बाजूची, पैदास केंद्राच्या अंगणातून निघाल्यासारखी. देहूच्या ज्या डोहाशी तुकोबांच्या गाथेची कथा जोडलेली आहे त्यात देवमासे होते. ते मरून वर आल्याच्या बातम्या अलीकडे वाचायला मिळाल्या. पुढे आळंदीला वारीच्या तोंडावर नदीवर पांढरा फेस तरंगतो, आणि त्यातच लोक स्नान करतात. श्रद्धा कमी पडली असं तिथे म्हणता येणार नाही.

कावेरीतही एक रीत होती, देवाची नसली तरी. छावण्यांतून पूर्वी मासेचोरी करणाऱ्या माणसांनाच वाटाडे म्हणून नोकरी मिळाली होती. कोणत्या डोहात काय आहे हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं, आणि जिवंत माशाचे पैसे मेलेल्यापेक्षा जास्त मिळतात हे त्यांना पटलं होतं. पुढे अभयारण्यात गळाची मासेमारी म्हणजे शिकारच, असा वन्यजीव कायद्याचा अर्थ लावला गेला आणि २०१२पर्यंत छावण्यांतली मासेमारी बंद झाली. कायद्याच्या बाजूने बोलायचं तर अभयारण्यात हौसेने प्राणी धरू नये हे तत्त्व चुकीचं नाही, आणि जबड्यात गळ अडकलेल्या माशाला वेदना होत नाहीत असं मानायला मी तयार नाही. पण बंदीबरोबर काठावरचे डोळे गेले. वह्याही बंद झाल्या. केशरी परांच्या माशाबद्दलची सगळ्यांत लांब, सलग माहिती त्याच वर्षी थांबली. माझ्या मते वाटाड्यांना राखणदार आणि नोंदणीदार म्हणून कामावर ठेवून हौशी लोकांना मज्जाव करता आला असता. तसं झालं नाही.

सगळ्यांत मोठा प्रश्न अर्थात पाण्याचा. २०१८च्या फेब्रुवारीत, म्हणजे माशाला नाव मिळण्याच्या चार महिने आधी, सर्वोच्च न्यायालयाने कावेरीच्या वाटपाचा निकाल दिला. एकूण ७४० टीएमसी. तामिळनाडूला ४०४.२५, कर्नाटकाला २८४.७५, केरळला ३०, पुदुच्चेरीला ७. पर्यावरणासाठी १० आणि समुद्रात अपरिहार्यपणे जाणारं ४. दशांश चिन्हापर्यंत नदी वाटली गेली. पर्यावरणाच्या वाट्याचे हे १० टीएमसी कोणत्या महिन्यात, कोणत्या पट्ट्यात सोडले तर विणीला उपयोगी पडतील, हा माशाच्या दृष्टीने खरा प्रश्न. जुलैत मिळालेलं पाणी आणि एप्रिलमध्ये मिळालेलं पाणी हिशेबाला सारखं, अंड्यांना नाही.

त्यात आता मेकेदाटू. कर्नाटकाला तिथे ६७.१६ टीएमसीचं धरण हवं आहे, बंगळूरला पिण्याचं पाणी आणि वीज यांसाठी. तामिळनाडूचा विरोध आहे, तो आपल्या पाण्याच्या भीतीपोटी. दोन्ही राज्यांचे वकील वर्षानुवर्षं भांडत आहेत, आणि त्या भांडणामुळेच धरण अजून झालेलं नाही. ते झालं तर कावेरी अभयारण्याचा मोठा भाग आणि वर सांगितलेला वाहता पट्टा जलाशयाखाली जाईल. एका राज्याच्या संशयामुळे आजवर वाचलेला मासा, असं त्याचं वर्णन केलं तर दोन्हीकडच्या लोकांना राग येईल, पण ते फार खोटं नाही. बंगळूरची तहान खरी आहे हेही मला मान्य आहे. त्यावर एक स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्यात मी धरणाच्या बाजूचे मुद्दे शक्य तितक्या प्रामाणिकपणे मांडले आहेत.

पुस्तकाची पहिली दोन प्रकरणं सायक्स आणि थॉमस यांच्या काळाबद्दल, पुढची तीन कावेरीवर, मग लोणावळा, मग देवाचे डोह. शास्त्रीय नावं जिथे टाळता आली तिथे टाळली आहेत. वाटाड्यांशी झालेली बोलणी कानडी आणि तमिळमधून, दुभाष्यांच्या मदतीने झाली. त्यांची नावं त्यांच्याच इच्छेवरून दिलेली नाहीत.

शेवटचं प्रकरण मोयार नदीवर आहे. मुदुमलै आणि बंडीपूर यांच्या मधल्या खोल घळीतून ही नदी जाते आणि भवानीसागरला मिळते. केशरी परांचा महाशीर आज जिथे जगतो आहे अशी पक्की नोंद असलेल्या थोड्या जागांपैकी ही एक. हे प्रकरण इतरांपेक्षा त्रोटक वाटेल. डोहांची नावं, वाटेतली गावं, कोणत्या वळणावर मोठे मासे दिसतात, हे सगळं मूळ टिपणांत होतं. ते मी काढून टाकलं आहे आणि तिथला नकाशाही छापलेला नाही. पुस्तकं सुरुंग लावणारेही वाचतात. अभ्यासकांना तो मजकूर हवा असेल तर त्यांनी आधी वनखात्याची परवानगी घ्यावी आणि मग प्रकाशकांकडे पत्र पाठवावं.